हरिकेनच्या मोसमात क्रूझ: बुकिंगपासून विम्याच्या दाव्यापर्यंत

सप्टेंबरमधली कॅरिबियन क्रूझ एवढी स्वस्त कशी, याचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेत शाळा सुरू झालेल्या असतात आणि अटलांटिकमध्ये हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, मोसम ऐन भरात असतो. हा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि टोक १० सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या गणपतीच्या दिवसांत.

भारतातून आई-बाबा आले की त्यांना एकदा क्रूझ घडवायची, असं अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत ठरलेलं असतं. वादळाचं नाव निघालं की घरात पहिली भीती जहाजाची वाटते. ती खरं तर शेवटी यायला हवी. प्रवासी जहाज ताशी २० ते २२ सागरी मैल, म्हणजे चाळीसेक किलोमीटर वेगाने जाऊ शकतं. वादळाच्या पोटातला वारा ताशी २०० किलोमीटरचा असला तरी अख्खं वादळ पुढे सरकतं ते बहुधा जहाजाच्या निम्म्या वेगाने. कॅप्टनला चार-पाच दिवस आधी अंदाज मिळालेला असतो, त्यामुळे तो वळसा घालतो. अडकतात ती तुमची विमानाची तिकिटं, रजा, औषधं, व्हिसा आणि पैसे. तयारी करायची ती त्यांची.

महिना आणि मार्ग ठरवताना

दोघंच जाणार असाल, कामातून दोन-तीन दिवस इकडेतिकडे चालत असतील आणि कुठलं बंदर लागतं याचं फारसं सोयरसुतक नसेल, तर सप्टेंबर जरूर घ्या. सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर माझं मत सरळ आहे: फेब्रुवारी ते एप्रिल कॅरिबियन करा, नाहीतर उन्हाळ्यात अलास्का. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा आठवडा कागदोपत्री मोसमात येतो, पण तोवर समुद्र बराच निवळलेला असतो.

मोसमातच जायचं असेल तर नकाशा पाहा. आरुबा, बोनेर आणि कुरसाव ही दक्षिणेची बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली आहेत. तिथे कधीच काही होत नाही असं नाही, पण बहामा किंवा सेंट मार्टिनच्या मानाने धोका पुष्कळ कमी. मात्र तिकडे जाणारं जहाज मायामीहून निघत असेल तर सुरुवात आणि शेवट फ्लोरिडातच आहे, हे विसरू नका.

मुक्कामही बघून घ्या. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी इथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. शेकडो मैल दूरच्या वादळाच्या लाटा तिथे पोचल्या की बोटींत चढणं-उतरणं धोक्याचं होतं. वर निरभ्र ऊन असतानाही बंदर रद्द झाल्याची घोषणा होते ती यामुळे. ज्या एका जागेसाठी तुम्ही क्रूझ घेताय ती जागा अशी बोटीने जायची असेल, तर मोसमात ती घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. तीन-चार दिवसांच्या क्रूझला वादळाचा फटका जास्त बसतो, कारण त्यातले दोन दिवस गेले की उरतंच काय? सात दिवसांच्या क्रूझला मार्ग बदलायला वाव असतो. पूर्व कॅरिबियनवर वादळ असेल तर जहाज पश्चिमेला कोझुमेलकडे वळतं, पश्चिमेला असेल तर बहामाकडे. दोन्ही परदेशी बंदरं आहेत, हा योगायोग नाही. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेतून प्रवासी घेऊन, बाहेरच्या एकाही बंदराला न लागता, परत अमेरिकेत आणून सोडता येत नाही. जवळपास सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी ध्वजाखालीच चालतात.

विमा: अनामत भरली त्याच आठवड्यात

विम्याच्या दृष्टीने वादळ ‘जन्माला येतं’ ते त्याला नाव मिळालं की. वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरवर गेला की वादळाला नाव देतात. ११९ वर गेला की ते हरिकेन. नाव पडल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत त्या वादळामुळे झालेलं नुकसान धरत नाहीत, कारण ते आता सगळ्यांना ठाऊक असलेलं संकट असतं.

२०२४ चं मिल्टन हरिकेन घ्या. ५ ऑक्टोबरला त्याला नाव मिळालं, ७ तारखेला ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं आणि ९ तारखेला रात्री फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएस्टा कीजवळ धडकलं. नाव पडल्यापासून जमिनीवर येईपर्यंत जेमतेम चार दिवस. ‘जवळ आलं की बघू’ म्हणणाऱ्याला विम्याचं दार पहिल्याच दिवशी बंद झालेलं असतं.

पॉलिसी वाचताना तीन गोष्टी शोधा. पहिली, प्रवास रद्द झाला तर काय. दुसरी, प्रवास अर्ध्यात तुटला किंवा लांबला तर हॉटेल, जेवण आणि नवीन विमान तिकीट यांचा खर्च किती आणि किती तासांच्या उशिरानंतर. तिसरी, मार्ग बदलून एखादं बंदर गळलं तर काही मिळतं का. यातली तिसरी बऱ्याच स्वस्त पॉलिसींत नसतेच.

‘कुठल्याही कारणाने रद्द’ असा जोड अमेरिकेत मिळतो. तो सहसा पहिली अनामत भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत घ्यावा लागतो, निघायच्या किमान ४८ तास आधी रद्द करावं लागतं आणि परत मिळतात ते ५० ते ७५ टक्के. महाग पडतो. पण कंपनी ‘जहाज ठरल्याप्रमाणे निघणार’ म्हणत असताना तुमचं मन धजत नसेल, तर उपयोगी पडतो तो हाच. नुसत्या भीतीने रद्द केलेल्या प्रवासाला साधी पॉलिसी पैसे देत नाही.

आई-बाबांसाठी आपण जो व्हिजिटर इन्शुरन्स काढतो तो मुख्यतः आजारपणाचा असतो. क्रूझ रद्द होण्याशी त्याचा सहसा संबंध नसतो, आणि जहाजावरचा दवाखाना किंवा मधल्या देशातला उपचार त्यात बसतो का, तेही लेखी विचारून घ्यावं लागतं. भारतातून घेतलेल्या ओव्हरसीज पॉलिसीचंही तेच.

कागदपत्रं: मार्ग बदलला तर काय?

ही बाजू क्रूझच्या नेहमीच्या सल्ल्यांत फारशी येत नाही, कारण ते सल्ले अमेरिकी नागरिकांसाठी लिहिलेले असतात. भारतीय पासपोर्टवाल्याला मात्र सगळ्यात मोठा घोळ इथेच होऊ शकतो.

क्रूझ परदेशी बंदराला लागली की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात आणि पुन्हा आत येणार. म्हणजे आई-बाबांचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. परत आल्यावर नवे सहा महिने मिळतील असंही धरू नका. अशा छोट्या फेरीनंतर बहुधा जुनीच तारीख कायम राहते. ती तारीख आणि भारतात परतायचं विमान, दोन्ही क्रूझ संपल्यानंतर किमान आठवडाभर पुढे ठेवा.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी अधिक जपावं. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असताना कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन परत येण्याची एक सवलत काही अटींवर मिळते. ही सवलत कॅरिबियन बेटांनाही लागू आहे, पण ती फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना. आता कल्पना करा: शिक्का संपलेला एच-१बी धारक फक्त मेक्सिकोची क्रूझ म्हणून निघाला आणि वादळामुळे जहाज बहामाला गेलं. जहाजाला वाट बदलायचा पूर्ण अधिकार आहे. तुमच्या व्हिसासाठी ते थांबणार नाही. चालू शिक्का नसेल तर मोसमात क्रूझ घेऊ नका, आणि शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा.

नव्या बंदरासाठी तुमच्या पासपोर्टला व्हिसा लागत असेल तर जहाजावरच बसून राहायची वेळ येऊ शकते. ते परवडलं. अमेरिकी नागरिक असलेल्या मुलांना अमेरिकेतून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या क्रूझवर जन्मदाखल्यावर नेता येतं, पण तुम्ही नेऊ नका. वादळामुळे परदेशी बंदरात उतरून विमानाने घरी यायची पाळी आली तर पासपोर्टच लागतो. सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड आणि विमा पॉलिसी यांचे फोटो फोनमध्ये ठेवा आणि घरी मागे राहिलेल्या एकाकडेही द्या.

विमान आणि हॉटेल

जहाज सुटायच्या दिवशी सकाळच्या विमानाने पोचायचं, हा हिशेब एरवीही चुकीचा. मोसमात तर नकोच. एक दिवस आधी पोचा. हॉटेल समुद्राकाठचं न घेता विमानतळाच्या बाजूला, आत घ्या. फ्लोरिडात किनारपट्टीचे स्थलांतर विभाग ए, बी, सी असे अक्षरांनी ठरलेले असतात आणि ‘ए’ मधल्या लोकांना सगळ्यात आधी बाहेर काढतात. हॉटेलचा पत्ता कुठल्या विभागात आहे ते बुकिंगच्या आधीच काउंटीच्या नकाशावर दिसतं.

परतीचं तिकीट बदलता येईल असं घ्या. क्रूझ कंपनीमार्फत विमान घेतलं तर थोडं महाग पडेल, पण जहाज उशिरा आलं तर पुढचं विमान लावून द्यायची जबाबदारी बहुतेक वेळा ते घेतात. मोठं वादळ येताना दिसलं की विमान कंपन्या त्या शहरांसाठी फुकट तारीख बदलायची मुभा जाहीर करतात. ती जाहीर झाल्या झाल्या बदल करून घ्या, दुपारपर्यंत जागा संपतात. उड्डाणच रद्द झालं आणि तुम्ही पर्यायी विमान घेतलं नाही, तर अमेरिकेच्या नियमानुसार पूर्ण पैसे परत मिळतात. पण हवामानामुळे झालेल्या हॉटेलच्या खर्चाला विमान कंपनी बांधील नसते.

सात दिवस उरले की

रोज बातम्यांची वाहिनी लावून बसू नका. रेनकोट घालून वाऱ्यात उभ्या राहिलेल्या वार्ताहराकडून आपल्याला हवी ती माहिती मिळत नाही. मायामीतल्या नॅशनल हरिकेन सेंटरचं संकेतस्थळ उघडा. वादळ तयार होण्याची शक्यता ते सात दिवस पुढपर्यंत दाखवतात. नाव पडलेल्या वादळाचा अंदाज दिवसातून चारदा येतो: पूर्व अमेरिकेच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, सायंकाळी ५ आणि रात्री ११. सकाळी ११ चा अंदाज भारतात रात्री साडेआठला पडतो, तेव्हा पुण्याच्या काळजी करणाऱ्या मावशीला तोच पाठवा.

त्या नकाशातला पांढरा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचा मध्य पुढे कुठे असू शकेल, त्याची ती हद्द आहे, आणि तीनातल्या दोन वेळाच तो मध्य शंकूच्या आत राहतो. पाऊस, वारा आणि लाटा शंकूच्या कितीतरी बाहेर पोचतात. नकाशाशेजारी ‘चर्चा’ म्हणून एक मजकूर असतो, तो जरूर वाचा. हवामानतज्ज्ञांना कशाची खात्री आहे आणि कशाची नाही, हे तिथे साध्या वाक्यांत लिहिलेलं असतं.

याच आठवड्यात क्रूझ कंपनीच्या ॲपमध्ये तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल बरोबर आहे ना, ते तपासा. ट्रॅव्हल एजंटमार्फत बुकिंग असेल तर निरोप एजंटकडे जाऊन तिथेच पडून राहू शकतो. आणि स्वतःहून रद्द करायची घाई करू नका. तुम्ही आदल्या दिवशी रद्द केलं तर दंड. दुसऱ्या दिवशी कंपनीने रद्द केलं तर पूर्ण पैसे. हा फरक हजारो डॉलरचा असतो.

बंदर बंद होतं तेव्हा

बंदर कधी बंद करायचं ते क्रूझ कंपनी ठरवत नाही, अमेरिकेचं तटरक्षक दल ठरवतं. कोकणात बंदरावर जसा धोक्याचा बावटा चढतो आणि त्याचा क्रमांक वाढत जातो, तशा इथे चार पायऱ्या आहेत आणि त्यांची नावं मजेशीर आहेत. वादळी वारे ७२ तासांत येण्याची शक्यता असेल तर ‘व्हिस्की’, ४८ तासांत ‘एक्स-रे’, २४ तासांत ‘यँकी’ आणि १२ तासांत ‘झुलू’. यँकीला जहाजांना आत यायची बंदी होते, झुलूला सगळी ये-जा थांबते. तुमचं जहाज रविवारी सकाळी परत येऊन दुपारी तुम्हाला घेणार असेल आणि शनिवारी यँकी लागला असेल, तर ते येणार नाही, हे कंपनीचा ईमेल यायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असेल.

वादळ गेलं की बंदर लगेच उघडतं असंही नाही. खाडीची खोली मोजतात, वाहून गेलेल्या खुणेच्या बोयी शोधतात, पाण्यात बुडालेलं काही आहे का पाहतात, वीज आणि इंधन सुरू आहे का बघतात. आकाश निळंशार असतं आणि जहाज बाहेर उभं असतं. मिल्टनच्या वेळी पश्चिमेचं टॅम्पा बंद होतंच, पण वादळ फ्लोरिडा ओलांडून पूर्वेला बाहेर पडल्यामुळे पोर्ट कॅनव्हरलही बंद झालं. म्हणून आपलं बंदर ‘दुसऱ्या किनाऱ्यावर’ आहे यावर विसंबू नये.

अशा वेळी कंपनी सहसा तीनपैकी एक करते: क्रूझ एक-दोन दिवस उशिरा सोडते आणि तेवढ्या दिवसांचे पैसे परत देते, दुसऱ्या बंदरातून सोडते, किंवा रद्द करते. शहरात आधीच पोचला असाल तर हॉटेलची खोली आधी वाढवून घ्या, मग कंपनीला फोन लावा. फोनवर ताटकळत बसलेल्या त्या दोन तासांत शहरातल्या खोल्या संपतात. गाडी भाड्याची असेल तर टाकी भरून ठेवा. वादळाच्या आदल्या दिवशी पेट्रोल पंपांवर पाट्या लागतात.

जहाजावर असताना

जहाज वादळापासून लांब ठेवतात यामागे अनुभव आहे. १९९८ च्या ऑक्टोबरात मिच हरिकेन येताना ‘फँटोम’ या शिडाच्या पर्यटक जहाजाने प्रवाशांना बेलीझ सिटीला उतरवलं आणि वादळ चुकवायला ते पुन्हा समुद्रात गेलं. वादळाने अनपेक्षित वळण घेतलं आणि जहाज ३१ खलाशांसह बुडालं. २०१५ मध्ये ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज वाकीन हरिकेनमध्ये ३३ जणांसह बुडालं. आजच्या मोठ्या क्रूझ कंपन्या हवामानावर चोवीस तास डोळा ठेवून असतात. कॅप्टन सरळ तीनशे मैल लांबून गेला म्हणून कोणी कुरकुर करू लागलं, तर त्यांना करू द्या.

लांबून गेलं तरी समुद्र हलवतोच. आधीच बुकिंग करताना जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली घेतली असेल तर आता बरं वाटेल. उघडे डेक बंद होतात, पोहण्याच्या तलावातलं पाणी काढतात, जिन्यांच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचलेल्या दिसू लागतात. त्या दिसल्या की समजा, रात्र जागती जाणार. गॅलरीचं दार नीट लावा आणि त्याच्या चौकटीत बोटं ठेवू नका. टेबलावरच्या बाटल्या खाली जमिनीवर ठेवा. आजी-आजोबांना चालताना कठडा सोडू देऊ नका; अशा रात्री मळमळीपेक्षा पडून मोडणारी हाडं जास्त काळजीची.

मळमळ सुरू व्हायच्या आधी गोळी घ्यावी लागते, नंतर तिचा उपयोग कमी. कुठली गोळी, हे मधुमेह, रक्तदाब किंवा प्रोस्टेटची औषधं चालू असलेल्यांनी निघायच्या आधी डॉक्टरला विचारून ठेवावं. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद आणि आल्याची वडी चालते. घरची थालीपीठं, लाडू जहाजावर बहुधा नेऊ देत नाहीत. कंपनीने सीलबंद केलेली पाकिटं चालतात. शाकाहारी माणसांनी ती थोडी जास्तच न्यावीत, कारण मुक्काम लांबला की जेवण कमी पडत नाही, पण ताजी भाजी आणि फळं आधी संपतात.

परतायला उशीर झाला तर

नेहमीच्या औषधांचा किमान पाच दिवसांचा जादा साठा हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन असेल तर सुयाही. जहाजावरच्या दवाखान्यात तुमचीच गोळी असेल याचा भरवसा नाही आणि तिथलं बिल जबर असतं.

उशीर कळला की जहाजावरच्या काउंटरपुढे रांग लागते. रांगेत उभं राहण्यापेक्षा जहाजाचं इंटरनेट घ्या आणि विमान बदला. अशा वेळी काही कंपन्या ते फुकट उघडतात, नसेल तर विकत घ्या. मग ऑफिसला, कुत्र्याच्या पाळणाघराला आणि मुलांच्या शाळेला कळवा. जादा दिवसांची खोली आणि जेवण सहसा फुकट असतं. दारूचं पॅकेज आणि टिप याबद्दल विचारून घ्या.

२०१७ मध्ये हार्वी हरिकेनमुळे टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन बंदर बंद झालं तेव्हा तिथली काही जहाजं न्यू ऑर्लिन्सला गेली, अन्नपाणी भरून घेतलं आणि ज्यांना उतरायचं होतं त्यांना उतरू दिलं. असा पर्याय मिळाला तर लगेच उडी मारू नका. तुमची गाडी गॅल्व्हेस्टनला आहे, रस्ते पाण्याखाली आहेत आणि पुढचा खर्च तुमचा आहे. आई-बाबा बरोबर असतील तर जहाजावर वीज, डॉक्टर आणि गरम जेवण आहे; तिथेच थांबा. उतरणं योग्य ते कोणाची शस्त्रक्रिया किंवा भारताचं विमान अगदी तोंडावर असेल तेव्हा.

गाडी बंदरात लावतानाच तळमजला टाळून वरच्या मजल्यावर लावा.

पैसे परत मागताना

क्रूझच्या करारात कॅप्टनला मार्ग बदलायची पूर्ण मोकळीक असते. गळलेल्या बंदराचं फक्त शुल्क आणि कर परत मिळतात, तेही बहुधा जहाजावरच्या खात्यात जमा होतात. कंपनीच्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात. बाहेरून घेतलेल्या सहलीचे येतील का, हे त्या सहलवाल्याच्या अटींवर. ‘जहाज आलं नाही तर पैसे नाहीत’ असं लिहून देणाराच निवडा.

क्रूझ उद्योगाने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या प्रवाशांच्या हक्कांच्या यादीत पूर्ण परताव्याचं वचन आहे, पण ते यंत्रात बिघाड झाल्यास. हवामानाचा त्यात उल्लेख नाही. तिचा हवाला देत भांडू नका. २०२२ पासूनचा फेडरल मेरिटाइम कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेचा नियम कामाचा आहे: अमेरिकेतून निघणारी क्रूझ रद्द झाली किंवा जहाजावर चढायला तीन किंवा जास्त दिवसांचा उशीर झाला आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर तुम्ही पूर्ण परतावा मागू शकता. कंपनी आधी पुढच्या क्रूझसाठीचं क्रेडिट पुढे करते, कधीकधी सव्वापट रकमेचं. ते स्वीकारायचं बटण दाबायच्या आधी त्याची मुदत बघा आणि रोख परताव्याचा पर्याय कुठे आहे तो शोधा. क्रेडिट घेतलं की विम्याचा दावाही अडतो, कारण तुमचं नुकसान भरून निघालं असं विमा कंपनी धरते.

दाव्यासाठी क्रूझ कंपनीचं लेखी पत्र लागतं: मूळ तारीख, बदललेली तारीख आणि कारण. तोंडी घोषणा चालत नाही. जहाजावर रोज रात्री खोलीत येणारं किंवा ॲपवर दिसणारं कार्यक्रमपत्रक साठवून ठेवा, बंदर रद्द झाल्याची सूचना स्क्रीनवर असतानाच तिचा फोटो काढा, हॉटेल आणि जेवणाच्या पावत्या तारखेसकट ठेवा. विमान कंपनीकडूनही उशिराचं प्रमाणपत्र मागून घ्या. ते बहुतेकींच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळतं. दावा आधी विमा कंपनीकडे, आणि त्यांनी नाकारलेला भाग ज्या क्रेडिट कार्डावर बुकिंग केलं त्याच्याकडे. बऱ्याच कार्डांत प्रवासाचं छोटं संरक्षण असतं; त्याची मुदत कमी असते, म्हणून घरी आल्यावर कपडे धुवायला टाकायच्या आधी तो अर्ज भरून टाका.